तीनशेतले अकरा

माझ्या भाचीला फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे. मुलाखतीला बारा फोटोंचा पोर्टफोलिओ न्यायचा. "खालाजान, तुम्हीच निवडा ना," म्हणून तिने मोबाईल हातात दिला. फोटो तीनशेच्या वर! सूर्यास्त, मांजर, ईदचा शीरखुर्मा, पुन्हा सूर्यास्त.

मी म्हटलं, मोबाईलवर निवड होत नाही. साठेक फोटो लहान आकारात छापून आण.

रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराने हेच केलं होतं. १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून त्याने २७,००० हून अधिक फोटो काढले. त्यांतल्या सुमारे हजारांच्या प्रती काढून घराच्या भिंतींवर लावल्या आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ठेवले फक्त ८३. त्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. एका पानावर कापडाने झाकलेली मोटार, पुढच्या पानावर रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्याचा चादरीने झाकलेला देह. एकेकटे पाहिले तर दोन फोटो. लागोपाठ पाहिले की अंगावर काटा येतो.

आम्ही सतरंजीवर फोटो पसरले. एकसारखे दिसणारे दोन असतील तर एक बाजूला. मग लक्षात आलं, अब्बांच्या शिलाईच्या दुकानाचे बरेच निघताहेत. डबा द्यायला गेली की सहज काढलेले: गळ्यातली टेप, खडूच्या खुणा, दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपलेला कारागीर. तिला ते दाखवण्यासारखे वाटलेच नव्हते. सूर्यास्त काढून टाकताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. एक तर खरंच सुंदर होता, पण दुकानात त्याचं काय काम? सुरुवातीला उघडतं शटर, शेवटी कापडाच्या चिंध्या झाडणारा झाडू, असा क्रम लागला.

अडलं ते दादींच्या फोटोपाशी. डोक्यावरचा पदर सरकलेला, सुईत दोरा ओवताना बारीक केलेले डोळे. सगळ्यांत सरस फोटो तोच. दादी म्हणाल्या, "घरात ठेव बेटा, परक्यांना दाखवू नकोस." भाची हट्टाला पेटली. मी म्हटलं, कॅमेरा तुझा, पण चेहरा त्यांचा आहे. कारागिराला तरी विचारलंस का? नव्हतं विचारलं. संध्याकाळी जाऊन विचारून आली. तो हसला म्हणे, आणि एक प्रत मागितली.

बाराव्या जागी सूर्यास्त घालू का, असं तिने दोनदा विचारलं. शेवटी अकराच फोटो फाईलमध्ये लावले. मुलाखत मंगळवारी आहे, दुआ करा.