जुना सूर, नवे यंत्र

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. 1895 साली त्यांचा तेथे जन्म झाला. त्यांच्या आईला गीता समजून घ्यावयाची होती. परंतु तिला संस्कृत येत नव्हते आणि मराठी भाषांतरही कठीण वाटले. तेव्हा ‘तूच सोपे करून लिही’, असे तिने मुलाला सुचविले. आईच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, 1930-31 मध्ये, विनोबांनी ‘गीताई’ रचली. भाषा बदलली, पण श्लोकास श्लोक हे मूळ रूप त्यांनी राखले. जुने नव्या रूपात आणताना काय बदलावे आणि काय जपावे, हा प्रश्न असा नाजूक असतो. आज तोच प्रश्न वाद्ये घडविणाऱ्यांपुढेही उभा आहे.

1963 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ‘मेलोट्रॉन’ नावाचे वाद्य तयार होऊ लागले. त्याला पेटीसारख्या पट्ट्या असत. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रणाची एक फीत असे आणि तिच्यावर कोणा वादकाने बासरीवर किंवा व्हायोलिनवर वाजविलेला एकेक सूर साठविलेला असे. पट्टी दाबली की फीत सरके व सूर उमटे. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे ओढून घेई. सुमारे आठ सेकंदांत फीत संपे आणि सूर तुटे. यंत्राची गती किंचित कमीजास्त झाली, तर सूर थरथरे. तरीही त्या आवाजाची अनेकांना गोडी लागली. 1967 सालच्या बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गीताच्या आरंभीचे बासरीचे सूर याच वाद्याचे आहेत.

आता फिती गेल्या. तेच जुने सूर संगणकाच्या स्मृतीत साठवून नव्या वाद्यांतून वाजविले जातात. आता सूर हवा तितका वेळ लांबविता येतो. तरीही काही कारागीर आठ सेकंदांची मर्यादा आणि ती थरथर मुद्दाम ठेवतात. दोषांची नक्कल कशाला, असे कोणी विचारील. परंतु ती मर्यादा हा केवळ दोष नव्हता. बासरीवादकाला श्वास घ्यावा लागतो, तसे या वाद्याच्या वादकाला बोट उचलावे लागे. त्यातूनच त्याच्या वादनाला वळण लागले. ते वळण पुसून टाकले, तर उरेल तो आवाज. ते वाद्य नव्हे. म्हणून मर्यादा जपणारे कारागीर योग्यच करतात.

मात्र एक कर्तव्य याहून मोठे आहे. या यंत्रांमुळे आपले काम जाईल, अशी भीती इंग्लंडमधील वादकांना त्या काळी वाटली होती. ती निराधार म्हणता येणार नाही. पट्टीखालचा सूर यंत्राचा नसतो. तो कोणा माणसाच्या फुंकरीचा असतो. त्या माणसाचे नाव ऐकणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. फुंकर घालणारेच उरले नाहीत, तर यंत्रे साठवतील तरी काय?

गीताईने गीतेला दूर सारले नाही. उलट, ती घरोघरी पोहोचविली. नव्या वाद्यानेही तसेच करावे. पट्टी दाबून बासरीचा सूर काढणाऱ्या मुलाने एकदा तरी खऱ्या बासरीवाल्यापुढे बसून ती ऐकावी. मग नक्कल कशाची आहे, हे त्याला कळेल आणि मूळ सुराचा मानही राहील.