पाटीची भाषा आणि पाटीचा पेंटर

कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरचं नाव महाराष्ट्रभर झालं ते एका पाटीमुळे. ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ एवढे तीनच शब्द. जुलै 2014 मध्ये ती पाटी पाडली, पाठोपाठ गावात लाठीमार झाला आणि त्या तीन शब्दांवर चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत बोलणं झालं. ती अक्षरं कुणाच्या हातची, हे मात्र कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलोय. ती मराठीतही असावी, ही मागणी माझीही आहे. पण पाटी रंगवणारा माणूस आपल्या डोळ्यांदेखत बेकार झाला, त्याबद्दल एक निवेदन कुठं गेल्याचं ऐकिवात नाही.

मी येळ्ळूरहून वडगावमार्गे शहापूरला येतो तो निमित्ताला भाजीची पिशवी घेऊन. खरं काम हिंडत बघायचं. शहापूर म्हणजे सोनार आणि विणकरांचं गाव. स्वातंत्र्यापर्यंत ते सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. त्यामुळे खडे बाजार इकडेही आहे आणि तिकडेही. सोनाराचा चिमटा, लुगड्याचा काठ, कुंभाराने रचलेली मडकी यांकडे बघत अर्धा दिवस कसा जातो कळत नाही. आणि मध्येच एखाद्या जुन्या दुकानावर ऑइलपेंटची पाटी अजून टिकलेली दिसते. ती दिसली की मी गाडी बाजूला लावतो.

आपल्याकडच्या पेंटरला तीन लिप्या हातात बसवाव्या लागायच्या. मराठी, कानडी आणि इंग्रजी. एका ओळखीच्या पेंटरमामांना मी काम करताना पुष्कळदा बघितलंय. आधी खडू लावलेला दोरा ताणून टणकन सोडायचा, की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. मग डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकायचं आणि ब्रश डबीच्या काठावर दोनदा निपटायचा. मराठीत दंड आणि शिरोरेघ न थांबता एका दमात ओढली पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. कानडी अक्षराचं अंग गोल, डोक्यावर तलेकट्टूची चोच. तिथे ब्रश बोटांत फिरवत न्यावा लागतो. मामा म्हणाले, “कानडी मनगटातनं फिरवाय लागतंय सर, आणि मराठी खांद्यातनं ओढाय लागतंय.” कलाशाळेत मला एवढ्या थोडक्यात अक्षरकला कुणी सांगितली नव्हती.

असल्या कामाला ‘कमर्शिअल’ म्हणून नाक मुरडायची आपल्यातल्या काही चित्रकारांची सवय जुनी आहे. बेळगावच्या मातीला तरी ती शोभत नाही. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे ‘चित्रमंदिर’ चालवलं आणि त्यांच्या हाताखाली रवी परांजपे तयार झाले. 1935 साली बेळगावात जन्मलेल्या परांजप्यांनी जाहिरातींसाठी बोधचित्रं काढली, नैरोबीत जाऊन काम केलं, पुढे कॅनव्हास रंगवले. पोटासाठीचं चित्र वेगळं आणि कलेसाठीचं वेगळं, ही भिंत त्यांनी कधी मानली नाही. पेंटरमामाही आमच्याच बिरादरीतले, हे म्हणायला मला कुणाची परवानगी नको.

हातची कला खाण्यातही आहे, म्हणून आता तिकडे वळतो. लग्नाच्या मांडवात लोक नवरा-नवरी बघतात, मी मांडे करणारी बाई बघतो. चुलीवर पालथं घातलेलं खापर. तिंबून तिंबून लुसलुशीत केलेला गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत वाढवते, कोपरापर्यंत येऊ देते, पलीकडचं दिसेल इतका पातळ करते आणि खापरावर अलगद सोडते. कड सुटायच्या आत पिठीसाखर, तूप, वेलची पसरायची आणि गरम आहे तोवरच चौकोनी घडी घालायची. निवला की मोडतो, घडी होत नाही. कुंद्याचंही तसंच. दूध आटवत, ढवळत, साखर करपण्याच्या अगदी अलीकडे आणून थांबवायची. तेव्हा जो तांबूस तपकिरी रंग उतरतो तो मी ट्यूबमधल्या बर्न्ट सिएनातून अजून काढू शकलेलो नाही.

आता माझा प्रश्न. मांडे करणारी बाई टिकली, कुंदा आटवणारा टिकला, मग पाटी रंगवणारा का बसला? फ्लेक्स स्वस्त, हे उत्तर अर्धंच आहे. मशीन तर मिठाईतही आलं. पण मांड्याशिवाय आपल्याकडे लग्न उठत नाही आणि पै-पाहुणा कुंदा घेतल्याशिवाय परत जात नाही. तो रिवाज आहे. कला नुसत्या कौतुकावर जगत नाही, रिवाजावर जगते. कौतुक आठवण झाली तर होतं, रिवाज ठरल्या दिवशी दारात येऊन ऑर्डर देतो.

2016 साली कर्नाटकात प्लास्टिकबंदी झाली, तिच्यात फ्लेक्सही होते. बंदी कागदावर राहिली. 2024 मध्ये पाटीवर साठ टक्के कानडी हवी असा कायदा झाला आणि दुकानदारांची पाट्या बदलायची धांदल उडाली. कायद्याशी माझं भांडण आहेच, पण ही कामं गेली कुठं? छपाईच्या मशीनकडे. तिन्ही लिप्या लिहिणाऱ्या आमच्या मामांच्या वाट्याला त्यातली एकही पाटी आली नाही. कानडीवाल्यांनी त्यांना हाक मारली नाही आणि मराठीवाल्यांनीही नाही.

म्हणून मंडळांना माझं सांगणं आहे. शिवजयंतीचे चित्ररथ बघायला आपल्याकडे रात्रभर रस्ते भरतात. त्या चित्ररथाचा मागचा पडदा एक वर्ष छापू नका, रंगवून घ्या. गणपतीत कमान फ्लेक्सची असू दे, पण मंडळाचं नाव पेंटरकडून लिहून घ्या. राजहंसगडाच्या पायथ्याला राहणाऱ्या आम्ही येळ्ळूरकरांनी तर दिवाळीत पोरांना मातीच्या किल्ल्यावरची पाटीही ब्रशने लिहायला शिकवावं. खर्च फार नाही, पण दरवर्षी करायचा. तेव्हाच त्याला रिवाज म्हणतात.

आणि मामांकडे गेलात तर फ्लेक्सचा चौरस फुटाचा दर सांगून घासाघीस करू नका. मांड्याचा भाव आपण पिठाच्या किलोवर ठरवत नाही.

(लेखक येळ्ळूर येथील चित्रकार आहेत.)