सेट झालात का?

‘मग काय, आता सेट ना?’

कोणाच्याही लग्नाला जा. हातात बुफेची प्लेट घेऊन उभे राहा. पनीर वाढून होईपर्यंत हा प्रश्न येतोच! विचारणारे काका असोत, आत्या असो नाहीतर बिल्डिंगमधल्या कुलकर्णी काकू, आपण आपलं गुळमुळीत हसतो आणि ‘हो हो, चाललंय’ म्हणत जिलेबीकडे वळतो. कारण सेट म्हणजे नेमकं काय, हे ना विचारणाऱ्याला ठाऊक असतं ना आपल्याला. नोकरी पर्मनंट झाली म्हणजे सेट? की फ्लॅट बुक केला म्हणजे? की त्या फ्लॅटचा अर्धा हप्ता भरणारं माणूस मिळालं म्हणजे?

म्हणून या आठवड्याचा आपला शब्द... सेट.

शाळेत इंग्रजीच्या सर आपल्याकडून क्रियापदांची तीन-तीन रूपं घोकून घ्यायचे, आठवतं? त्यात ‘कट-कट-कट, पुट-पुट-पुट, सेट-सेट-सेट’ आलं की वर्ग खूश. पाठ करायला काही नाहीच ना! तीन अक्षरी, गरीब, कधी रूप न बदलणारा शब्द. पण याच गरीब बिचाऱ्याने आपला अख्खा दिवस व्यापलाय. सकाळचा अलार्म सेट, केस सेट, अकराची मीटिंग सेट. बॉसने वर्षाच्या सुरुवातीलाच टार्गेट सेट करून ठेवलेलं. दुपारी उडप्याकडे सेट डोसा. कॅन्टीनमध्ये कुणाची कुणाशी ‘सेटिंग’ चालू आहे याची चर्चा. आणि घरी आलं की फ्रिजमध्ये जेली सेट झाली का ते बघणं. एक शब्द आणि किती कामं!

कादंबरीएवढी नोंद

हे फक्त आपल्याकडेच नाही हं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९मध्ये आली. चांगले जाडजूड वीस खंड. त्यात सर्वांत लांबलचक नोंद कोणत्या शब्दाची असेल? प्रेम? देव? पैसा? छे! ‘सेट’ या क्रियापदाची. अर्थ ४३०च्या वर आणि मजकूर सुमारे ६० हजार शब्दांचा. म्हणजे जवळजवळ एक कादंबरीच. पुढे याच डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीचं काम चालू असताना २०११मध्ये बातमी आली की ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ ६४५वर गेलेत. संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ काम करत होते. सेटला रनने मागे टाकलं. आणि यात एक गंमत आहे, कारण सेट मुळात बसलेला आणि रन पळणारा!

बसलेला कसा? तर ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. बस्स, एवढंच आहे या शब्दाचं मूळ. जुन्या इंग्रजीत अशा जोड्या बनायच्या. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर ‘फेल’ म्हणजे पाडणे, झाड वगैरे. ‘राइज’ आणि ‘रेज’, ‘लाय’ आणि ‘ले’ हे त्याच कारखान्यातले. इंग्रजीचा तो कारखाना कधीच बंद पडला. आपला मात्र तीन शिफ्टमध्ये चालू आहे. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, फसणे-फसवणे. हवं ते मागा!

आणि नातं इथेच संपत नाही. संस्कृतमधला बसण्याचा धातू ‘सद्’ आणि इंग्रजीतलं ‘सिट’ हे एकाच आजीची नातवंडं, असं भाषाशास्त्र सांगतं. सदन, परिषद, सभासद, संसद, अगदी उपनिषदसुद्धा याच घरातलं. तेव्हा संसदेचं काम ‘बसून’ चालतं यात तक्रारीसारखं काही नाही. नावातच आहे!

बसवा आणि लावा

आता जरा तपासून बघू या. इंग्रजीत हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत हिरा सेट करतात, आपण खडा बसवतो. जुळलं की नाही? पण पुढे गाडी अडते. गजर आपण लावतो. सापळा लावतो. कवितेला चाल लावतो. आग तर लावतोच लावतो. दही ‘सेट झालं’ असं म्हणणारी पिढी आता आली, पण आज्जीच्या घरी दही लागायचं. लग्नाची तारीख ठरवायची, परीक्षेचा पेपर काढायचा, विक्रम करायचा, उदाहरण घालून द्यायचं, पक्ष्याला पिंजऱ्यातून सोडायचं आणि सूर्याने मावळायचं. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी सेट. एकाच शब्दासाठी आपल्याकडे केवढा मोठा स्टाफ!

मधेच एक इशारा. सेट डोसा, टी-सेट, दागिन्यांचा सेट यातला ‘संच’ या अर्थाचा सेट दिसायला सारखा असला तरी मुळात वेगळ्या घरचा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, ‘सेक्ट’ म्हणजे पंथ या शब्दाच्या नात्यातून. पुढे दोघं एकमेकांत इतके मिसळले की आता वेगळे ओळखू येत नाहीत. जॉइंट फॅमिलीत होतं तसंच.

ऑफिसात वापरताना सांभाळून

इथपर्यंत सोपं होतं. खरी मारामारी पुढच्या छोट्या शेपटांची आहे. ‘सेट अप’ घ्या. मीटिंग सेट अप केली तर शाबासकी, पण ‘ही वॉज सेट अप’ म्हटलं तर त्याला कुणीतरी पद्धतशीर अडकवलं. ‘सेट बॅक’ म्हणजे काम मागे पडणं, पण बोलण्यात खिशाला भोक पडणंही. ‘सेट असाइड’ म्हणजे पैसे बाजूला टाकणं, पण कोर्टाने निकाल ‘सेट असाइड’ केला तर तो रद्द!

सर्वांत फसवं आहे ‘सेट इन’. जॉन सिंक्लेअर नावाचे ब्रिटिश भाषातज्ज्ञ होते, बर्मिंगहॅमला प्राध्यापक. संगणकात भरलेल्या लाखो शब्दांच्या खऱ्याखुऱ्या इंग्रजीतून त्यांनी सेटची वाक्यं काढून तपासली आणि १९९१च्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की ‘सेट इन’ होणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा वाईटच असतात. कुजणं, निराशा, दुखणं... ही चांगल्या बातमीची जागाच नव्हे. तेव्हा अप्रेझलच्या मेलमध्ये ‘टीममध्ये उत्साह सेट इन झालाय’ असं लिहू नका. व्याकरण बरोबर असेल, पण वास येईल.

तो मुख्य प्रश्न

आता परत त्या प्रश्नाकडे. माणूस सेट होतो म्हणजे काय?

माझी एक मैत्रीण आहे. तीन वर्षं एकाच कंपनीत, एकाच प्रोजेक्टवर. सगळं खानदान म्हणायचं, ती काय, सेट आहे. एक दिवस प्रोजेक्ट बंद झाला आणि महिन्याभरात नोकरीही गेली. तिला नोकरी गेल्याचं वाईट वाटलंच. पण जास्त कधी लागलं माहितीये? आई फोनवर मामीला सांगत होती, ‘हो हो, अगदी सेट आहे हो ती.’ शेजारच्या खोलीत ही लॅपटॉपवर सीव्ही नीट करत बसलेली. आईने खोटं बोलावं इतकी काय ती लाज? आणि कशाची? एका इंग्रजी शब्दात न बसण्याची!

खरं तर इंग्रजीतही हा शब्द इतका सरळ नाही. सेट होतं ते सिमेंट. सेट म्हणजे घट्ट झालेलं, आता न हलणारं. आपल्या सवयी सोडायला तयार नसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘सेट इन हिज वेज’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. आपली मराठी या बाबतीत जास्त समजूतदार वाटते मला. आपण म्हणतो जम बसला, बस्तान बसलं, संसाराची घडी बसली. यात माणूस बसत नाही, घडी बसते. आणि घडीचा फायदा असा की ती विस्कटली तर पुन्हा घालता येते. सेट झालेलं सिमेंट मात्र फोडावंच लागतं. दर अकरा महिन्यांनी भाड्याच्या घराचा करार नवा करणाऱ्या आपल्या पिढीला कोणता शब्द जास्त उपयोगी, तुम्हीच ठरवा.

क्रिकेटवाल्यांना हे बरोबर कळलेलं असतं. तीस-चाळीस रन झाले की कॉमेंटेटर म्हणतो, बॅट्समन आता ‘वेल सेट’ आहे. म्हणून तो बॅट ठेवून खाली बसतो का? उलट खरा खेळ तिथून सुरू होतो. आणि पुढच्याच बॉलवर दांडी उडू शकते, हेही त्याला पक्कं माहीत असतं.

आणि शंभर मीटरच्या शर्यतीत तर कमालच आहे. ‘ऑन युअर मार्क्स’ म्हटलं की धावपटू गुडघा टेकून ब्लॉकमध्ये बसतात. मग आवाज येतो, ‘सेट!’ आणि त्या क्षणी सगळे कंबर वर उचलून तयार होतात, अगदी स्तब्ध. बसवण्याचा हा शब्द तिथे त्यांना उठवतो. ठो आवाज त्यानंतर. माझ्या मैत्रिणीचे सध्या इंटरव्ह्यूज चालू आहेत, दोन राउंड झालेत. तिला मी हाच अर्थ एसेमेस करून टाकलाय. तिचं उत्तर आलं, ‘आईला पण सांग!’

पुढच्या आठवड्यात भेटू या ‘टेक’ला. तोपर्यंत... टेक केअर!