गाडीचा एसी मधूनच का रुसतो?



पान पिवळे पडले की बरेचजण सरळ युरियाचे पोते फोडतात. पण खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी, शेंड्याची कोवळी पडली तर बहुधा लोह कमी. मुळाशी पाणी तुंबले तरी पीक पिवळेच दिसते. खूण पाहिल्याशिवाय उपाय ठरत नाही. गाडीच्या एसीचेही तसेच आहे. गारवा गेला की लगेच ‘गॅस भरा’ म्हणणे हा युरियाचाच प्रकार झाला.

गावाहून मालाडला मुला-लेकीकडे जाणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : हायवेला एसी झकास, पण एस. व्ही. रोडच्या गर्दीत शिरलो की गरम वारा. तेव्हा पुढील खुणा ध्यानात ठेवा.

१) धावताना गार, थांबल्यावर गरम : रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर नावाची जाळी असते. आतली उष्णता ती बाहेर टाकते. पळत्या गाडीत तिला वारा आपोआप मिळतो, गर्दीत तो पंख्याने द्यावा लागतो. पंखा बंद आहे की जाळी मळणीच्या भुसाने, धुळीने बुजली आहे, ते पाहा. पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात व पदर लांब ठेवा. इंजिन गार झाल्यावर जाळी नळीच्या हलक्या धारेने धुवा. फवारणीच्या एचटीपी पंपाने धुऊ नका. तिच्या पातळ पत्र्या दुमडतात.

२) बराच वेळ गार, मग झोतच मंदावतो, अर्धा तास बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक : आतल्या थंड जाळीवर बर्फ धरतो आहे. प्रथम केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्यामागे असतो. फिल्टर साफ असेल तर सेन्सर तपासून घ्या.

३) झोत जोरात, पण गाडी तापल्यावर गरम : कॉम्प्रेसरचा क्लच किंवा रिले तापल्यावर दगा देत असेल. तापमानाचा काटा चढलेला असेल तर मात्र अनेक गाड्या इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर आपणहून बंद करतात. तेव्हा दुखणे इंजिनाच्या पाण्याचे असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

४) कॉम्प्रेसर घडोघडी टक-टक करून लागतो-सुटतो, गारवाही कमी : गॅस कमी असण्याची शक्यता आहे. पण गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, तो गळतो. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग आणि त्यावर धूळ दिसते. आधी गळती बुजवून घ्या. मग नळ्यांतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने काढून, गाडीवरील चिठ्ठीत लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस वजनाने भरायला सांगा. जादा गॅसनेही गारवा घटतो. गळती तशीच ठेवून भरलेल्या गॅसचे पैसे मात्र हवेत जातात.

गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकले तर घाबरू नका. ती हवेतली ओल असते.

मधूनच बिघडणारा एसी गॅरेजात पोहोचेपर्यंत हटकून नीट चालू लागतो. म्हणून गाडीत छोटी वही ठेवा. एसी किती वेळाने गेला, गाडी धावत होती की थांबलेली, झोत कसा होता, काटा कुठे होता, हे चार शब्द शेजारी बसणाऱ्याने लिहावेत आणि मेकॅनिकला आधी ती वही दाखवावी.