हरण्याचा खेळ

मेंढीकोट न खेळता इंजिनिअरिंगची चार वर्षं काढलेला माणूस आपल्या फैजपुरात सापडणं कठीणच. समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते आणि सगळा जीव चार दश्श्यांत अडकलेला. भिडूकडे हुकूम किती असतील, तो आता काय टाकेल, हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने नुसतं "बदाम टाक" म्हटलं तरी समोरचे डाव मोडायला तयार! इतका कडक सहकार आपल्या ओट्यावर चालत असताना "को-ऑपरेटिव्ह गेम" म्हटलं की आपल्याला ते परदेशी प्रकरण वाटतं, याची गंमत वाटते.

फरक एक आहे. मेंढीकोटात समोर दुसरी जोडी असते. त्यामुळे खेळ किती अवघड, हे ती जोडी ठरवते. नव्या खेळांत मात्र सगळे भिडू एकाच बाजूला आणि विरुद्ध बाजूला खुद्द खेळ. मग अवघडपणा आणायचा कुठून? इथेच बनवणाऱ्याची परीक्षा असते, आणि माझं स्पष्ट मत आहे की बरेच जण या परीक्षेत काठावर पास होतात. राक्षसाचं आयुष्य चाळीसचं साठ केलं की झाला खेळ कठीण! याला कठीण नाही, लांबलचक म्हणतात.

मॅट लेकॉकचा 2008 सालचा 'पँडेमिक' घ्या. जगभर चार रोग पसरताहेत, चारही रोगांवर इलाज शोधायचा. अवघडपणा वाढवायचा तर साथीचे पत्ते चारऐवजी पाच किंवा सहा घ्यायचे, बस्स. पण ते नुसते पिसून टाकत नाहीत. कॅटचे सारखे ढीग करायचे, प्रत्येक ढिगात एक साथ घालून पिसायचं आणि ढीग एकावर एक ठेवायचे. म्हणजे साथ येणार हे नक्की, साधारण कधी तेही माहीत, पण नेमकी केव्हा ते नाही. आणि साथ आली की आधी रोग लागलेली शहरं पिसून परत वर ठेवायची. जिथे दुखणं तिथेच पुन्हा घाव. हे डोकं मानलं पाहिजे.

डेक-बिल्डिंगमध्ये मात्र प्रकरण आणखी नाजूक. त्याच 2008 साली आलेल्या 'डॉमिनियन'ने हा प्रकार लोकप्रिय केला. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा फालतू पत्ते असतात. त्यांनी बरे पत्ते विकत घ्यायचे, बऱ्यांनी आणखी चांगले. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, आणि तो कुठे जातो हे ज्याचा पेपर बॅक आहे त्यालाही ठाऊक असतं! सगळे एका बाजूला असले की याचा त्रास दुप्पट होतो. टोळी एकदा खेळाच्या पुढे गेली की उरलेला अर्धा तास नुसता उपचार; मागे पडली की हळूहळू मरण. म्हणून शत्रूही टप्प्याटप्प्याने वाढावा लागतो.

केव्हिन रायलीच्या 'इऑन्स एंड'ने (2016) यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. यात आपला कॅट पिसायचाच नाही. खेळलेले पत्ते ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने परत हातात येणार. नशीब ठेवलंय फक्त पाळीत. सहा पत्ते पिसायचे, चार आपल्या पाळ्यांचे आणि दोन शत्रूचे. आता एम-थ्री आठवा. एका फेरीत शत्रूच्या दोन्ही पाळ्या लागोपाठ येण्याची शक्यता पंधरात पाच, म्हणजे एक तृतीयांश. एका फेरीच्या शेवटी दोन आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला दोन, अशा सलग चार आल्या तर? दोनशे पंचवीसात एक. तसं झालं तर बोंब मारायला हरकत नाही, पण "पत्तेच वाईट आले" हे रडगाणं इथे चालत नाही. आपला कॅट आपणच रचलेला असतो.

तरीही यात एक खोट आहेच. सगळे पत्ते उघडे, बोलायला पूर्ण मोकळीक. मग ज्याने नियम पाठ केलेत तो चारही हात खेळतो आणि बाकीचे तिघं सांगकामे होतात. मिनी प्रोजेक्टचा ग्रुप आठवतोय ना? डिफेन्सला चौघं उभे, बोलतो एकच! शत्रूचं आयुष्य कितीही वाढवा, हा रोग बरा होत नाही. उलट खेळ जितका कठीण, तितकी त्या एकाची दादागिरी वाढते, कारण हरायचं कुणालाच नसतं.

औषध आपल्या मेंढीकोटातच आहे: बोलण्यावर लगाम. 2019 सालच्या 'द क्रू'ने नेमकं हेच केलं. हात जिंकण्याचाच खेळ, पण मोहिमेत एकदाच एक पत्ता दाखवायचा आणि तो त्या रंगातला सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकमेव, एवढंच सांगायचं. पन्नास मोहिमा, आणि प्रत्येकाला डोकं चालवावंच लागतं. नवख्याचं काय, असं कुणी विचारेल. त्याला पहिले दोन डाव बोलून शिकवा, तिसऱ्या डावाला गप्प बसा.

आणि हे सगळं पत्त्यांपुरतंच आहे असंही नाही. 2022 च्या पावसाळ्यात आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवर सीएमव्ही आला, ज्याला शेतकरी 'हरण्या' म्हणतात. मावा तो पसरवतो, लागण झालेल्या झाडावर इलाज नाही, उपटून नष्ट करणं हाच उपाय. एकाने झाडं उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली तर उपटणाऱ्याचं नुकसान दुहेरी. तिथे कुणी एकजण चौघांचे पत्ते खेळू शकत नाही. ज्याचा बांध त्याचा निर्णय, आणि हरलो तर सगळेच. याच्यावर पत्त्यांचा खेळ का होऊ नये? मावा, बांध, बेणं, पाऊस, सगळं तयारच आहे.

आम्ही काही जणांनी व्हिजिटिंग कार्डाच्या कोऱ्या पत्त्यांवर सुरुवात केली आहे. पावसाचे पत्ते ढिगांत वाटायचे की मोकळे पिसायचे, यावर सध्या कडाक्याचं भांडण चालू आहे. गॅदरिंगच्या इनडोअर गेम्समध्ये कॅरमशेजारी एक टेबल मिळावं एवढीच मागणी आहे. बक्षीस कुणाला द्यायचं ते नंतर बघू, आधी दोन भिडू कमी पडताहेत.