रंगाच्या डब्यातील विष

मांडवी-जुवारीच्या काठावरील यार्डांत बार्ज ओढून घेतली की गंज खरवडून तिला नवा रंग चढतो. रंग वाळतो म्हणजे त्यातील थिनर हवेत उडून जातो. टोल्युइन, झायलीन यांची ही वाफ दिसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिने फवारणी करणाऱ्या कामगाराचे डोके गरगरते; वर्षानुवर्षे ती हुंगल्याने मज्जासंस्था दुबळी होते. शिवाय उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर तिच्यापासून जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. तो श्वसनास घातक असतो.

कारखान्याच्या बंदिस्त शेडमध्ये ही वाफ पंख्याने ओढून सक्रिय कोळशात अडवता येते किंवा जाळता येते. उघड्या यार्डात हा उपाय चालत नाही. आभाळाला झाकण कोण घालणार? तेथे बंदोबस्त डब्यातच व्हावयास हवा. अल्प द्रावकाचे दाट रंग आणि ते फवारणाऱ्या उच्च दाबाच्या बंदुका आज उपलब्ध आहेत. लॉस एंजेलिसने १९६६ सालीच द्रावकांवर निर्बंध घातले. आपला हवा प्रदूषणविषयक कायदा १९८१चा आहे.

यार्डांवर अनेकांच्या चुली पेटतात, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु तोंडावरचे फडके वाफ अडवीत नाही आणि योग्य मुखवटाही केवळ कामगारालाच वाचवील, शेजारच्या वाड्याला नव्हे. तेव्हा संमतीपत्र देताना प्रदूषण नियंत्रण मंडळाने थिनरचा वार्षिक हिशेब मागावा आणि तो लोकांपुढे ठेवावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.