फोन तोल मोजतो, पण पोटरी काय म्हणते?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने स्मार्ट चष्म्यासोबत न्यूरल बँड आणला. मनगटाच्या स्नायूंमधले विजेचे बारीक सिग्नल वाचून तो बोटांची हालचाल ओळखतो. या तंत्राला ईएमजी म्हणतात. चर्चा झाली ती चष्म्याची, पण मला प्रश्न पडला की हेच तंत्र पायाला लावलं तर?

कारण घरचं आहे. मध्यंतरी मी आजीच्या कमरेला फोन बांधून एका ॲपवर तिचा तोल तपासला. निकाल आला, ‘उत्तम’! मी खूश. पण आजी म्हणाली, “पडायची भीती वाटते रे, म्हणून पाय आवळून धरले होते.”

इथेच खरी गोम आहे.

आधी स्वतः करून बघा. सरळ उभे राहा आणि किंचित पुढे झुका. पोटरी लगेच घट्ट होते ना? आपलं वजन घोट्याच्या थोडं पुढे पडतं, त्यामुळे शरीर सावरायला पोटरीला सतत काम करावं लागतं. म्हणजे आपण ‘स्थिर’ उभे कधीच नसतो. थोडं झुकतो, पुन्हा सावरतो.

हे डोलणं फोनचा ॲक्सेलरोमीटर टिपू शकतो. प्रयोगशाळेत त्यासाठी फोर्स प्लेट असते. तळपायाखालचा दाब कुठे सरकतोय ते ती दाखवते. पण सावरण्यासाठी स्नायू किती राबले, हे दोन्हींना थेट कळत नाही. ते कळायला पोटरीवर ईएमजीचे इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात.

मग कमी डोलणं म्हणजे चांगला तोल, असं समजायचं का? नाही. उंच जागी उभ्या केलेल्या लोकांवरच्या प्रयोगांत दिसलंय की भीतीने माणूस पाय ताठ करतो. डोलणं लहान होतं, पण जलद होतं. फक्त ‘किती डोलला’ एवढ्यावर मार्क देणारं ॲप अशा माणसालाही पास करेल. आजीचं तेच झालं असावं.

ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत चालण्याची स्थिरता मोजायची सोय दिली. तीही हालचालच बघते, स्नायू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडण्यामुळे दगावतात. त्यामुळे चुकीचा ‘उत्तम’ महागात पडू शकतो.

माझं मत सांगतो. असा स्कोअर सर्टिफिकेट समजू नका. एकाच जागी, एकाच पद्धतीने वरचेवर मोजून फरक पडतोय का, एवढंच बघा. मोजताना शेजारी कुणीतरी उभं हवंच. आणि माणूस आधी पडला असेल किंवा पडायला घाबरत असेल, तर स्कोअर काहीही येवो, डॉक्टरांना दाखवा.

आम्ही आजीला दाखवून आलो. बाथरूममध्ये धरायला दांडीही बसवली.